क्वालालंपूरला न मारलेली उडी

त्याने उडी मारली नाही.

चेंडू त्याच्या डाव्या हाताला आला. फार जोरातही नव्हता, जमिनीला घासत सरपटत आला. तो एक पाऊल सरकला, कमरेवर हात ठेवले आणि चेंडू जाळ्यात जाताना बघत उभा राहिला, दारात उभं राहून गल्लीतून जाणारी रिक्षा बघावी तसा. मग आपल्याच एका गड्याकडे वळून हसला. ते हसणं मोठ्या पडद्यावर अख्ख्या स्टेडियमने बघितलं.

त्यानंतर जो गलका उठला तसा मी जन्मात ऐकला नव्हता. सगळे उभे राहिले. मागून पाण्याची बाटली आली आणि माझ्या खांद्यावर आपटली. झाकण नव्हतं, पदर भिजला. पुढच्या ओळीतल्या एका दाढीवाल्या पोराने अंगातला निळा शर्ट काढला, उलटा केला आणि शिवणी बाहेर ठेवून परत घातला. त्याचं बघून शेजारच्यानेही तेच केलं. बघता बघता ओळीच्या ओळी उलट्या शर्टांच्या झाल्या.

माझी नात समीक्षा ओरडली नाही. ती घरून स्वतःचे गोलकीपरचे ग्लोव्हज घेऊन आली होती आणि मॅच सुरू झाल्यापासून हातात घालून बसली होती. ते तिने काढले आणि खुर्चीखाली टाकले.

"आज्जी, चल. मला नाय बघायचं. मी बी सोडते आता."

हे मलेशिया देशात, क्वालालंपूर शहरात झालं. आता पहिल्यापासून सांगते.

आम्ही छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याच्या बाजूला राहतो, जुन्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. आमची बौद्ध वस्ती. माझा धाकटा मुलगा राजू शाळेत असताना चहाच्या हॉटेलातल्या टीव्हीवर त्याला निळ्या शर्टातली एक परदेशी टीम दिसली. पळत घरी आला आणि म्हणाला, "माय, आपल्या रंगाची टीम हाय!" तेवढ्यावर अख्खी गल्ली त्या टीमच्या मागे लागली. खेळ कोणाला कळत नव्हता, रंग कळत होता. पुढे पोरं मैदानात खेळायला लागली, मग पोरीही. पोरींना शर्ट हवे म्हणून आम्ही बायकांनी जुने पांढरे शर्ट ड्रममध्ये निळा रंग कालवून उकळले. आमच्या हातांचा रंग आठवडाभर गेला नाही. तेव्हापासून आम्ही त्या टीमचे. टीमचं आणि उडी न मारणाऱ्या त्यांच्या गोलकीपरचं नाव मी लिहीत नाही. फुकटची प्रसिद्धी कशाला द्यायची?

समीक्षा, म्हणजे आमची समी, गोलकीपर आहे. आमचं मैदान मुरमाचं. गवताचं पातं नाही, बारीक दगड आहेत. त्यावर ती पडते. तिच्या खुब्यांवरच्या खपल्यांना मी किती खोबरेल तेल लावलं असेल त्याचा हिशोब नाही. मागच्या उन्हाळ्यात जालन्याच्या पोरींशी मॅच होती. समीने डावीकडे उडी मारली, कोपर दगडावर आपटलं आणि सांधा निखळला. हात बरा झाला, पण मनातली भीती गेली नाही. तेव्हापासून ती उजवीकडे उडी मारते, डावीकडे नुसता हात करते. ही बातमी सगळ्या टीमना कळली. जी येते ती डावीकडेच चेंडू मारते.

गणपतीनंतर जिल्ह्याची निवड होती. समीचा बाप, म्हणजे माझा थोरला मुलगा दिलीप, त्याने सांगून ठेवलं होतं, "औंदा निवडली तर खेळ. नाय निवडली तर ग्लोव्हज माळ्यावर टाकीन. उद्या कायमचा हात मोडून बसली तर?"

तिच्या लाडक्या गोलकीपरची डावीकडची उडी सगळ्या जगात नावाजलेली. ती टीम सीझन सुरू होण्याआधी सरावाची मैत्रीपूर्ण मॅच खेळायला क्वालालंपूरला येणार असं कळलं. राजू तिथेच एसीची कामं करतो. त्याने फोनवर सांगितलं, "समीला घेऊन ये माय, तिकिटाचं मी बघतो." दिलीप नाही म्हणत होता. समी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "पप्पा, टीव्हीत त्याचे पाय दिसत नाय. क्यामेरा चेंडूच्या मागं असतो. उडीच्या आधी तो पाय कसा टाकतो तेवढं एकदा समोर बघू द्या. मग मला जमंल."

मी दिलीपला म्हटलं, "जाऊ दे तिला. मी जाते संगं." माझं कधी नव्हे ते त्याने ऐकलं.

चिकलठाण्याच्या विमानतळाची भिंत मी आयुष्यभर बाहेरून बघितली. कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरायला जाण्याची माझी वाट त्या भिंतीच्या कडेनेच होती. आत गेल्यावर कळलं, बघण्यासारखं काही नाही. खुर्च्या आहेत आणि महाग चहा आहे. तपासणीवाल्या बाईने माझ्या पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली.

"अम्मा, ये क्या है?"

"चटनी है. खाके देखो."

तिने खाल्ली नाही, पण सोडली. विमान वर गेल्यावर खाली आमच्या वस्तीचे पत्रे दिसले आणि त्यांच्या मागे तांबूस ठिपक्यासारखं मैदान दिसलं. समीने खिडकीला नाक लावलं. "एवढुसं हाय व्हय आपलं ग्राउंड?" मुंबईला विमान बदललं आणि समुद्र ओलांडून आम्ही क्वालालंपूरला उतरलो.

तिथली हवा म्हणजे ओल्या फडक्यात तोंड गुंडाळल्यासारखी. घाम येतो, पण वाळत नाही. रस्ते मात्र स्वच्छ आणि झाडं भरपूर. सकाळी राजूने एका टपरीवजा हॉटेलात नेलं. रोटी चनाई (पदर सुटलेला मैद्याचा पराठा, वरणासारख्या आमटीत बुडवून खातात) मला आवडली. तेह तारिक (दुधाचा चहा, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणतात) मात्र इतका गोड की दात शिवशिवले.

दुसऱ्या दिवशी राजूने शहराबाहेरच्या डोंगरातली गुहा दाखवायला नेलं. आत देऊळ आहे आणि वर जायला रंग दिलेल्या उंचच उंच पायऱ्या आहेत. माझे गुडघे धड नाहीत. वर पोचेपर्यंत जीव गेला. वर जाऊन काय, तर डोंगर आपोआप पोकळ झालेला. येताना एका माकडाने माझ्या हातातला चिवडा ओढून नेला आणि समोर बसून त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले.

मी राजूला म्हटलं, "आपलं वेरूळ माणसांनी कोरलंय. वरून खाली छिन्नीनं डोंगर उतरवलाय. इथं माणसानं काय केलं? पायऱ्या रंगवल्या."

"माय, तुला चंद्रावर नेलं तरी तू वेरूळच काढशील."

"काढीन. त्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांनी चढल्यात, तुझ्या नाय."

समी आमच्या मागे होती. प्रत्येक सपाट जागा आली की ती डावा पाय बाजूला टाकून बघायची, परत जवळ घ्यायची. सगळा दिवस तिचं तेच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी मॅच. दुपारपासूनच सगळे रस्ते निळे झाले होते. म्हाताऱ्या, लहान लेकरं, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, सगळे निळ्या शर्टात. खरं सांगते, मला बरं वाटलं. आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत आल्यासारखं वाटलं. मी घरून जयंतीच्या कमानीचं उरलेलं निळं कापड आणलं होतं. राजूने त्याला काठी लावून झेंडा केला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. तो नेपाळचा निघाला, हिंदी बोलायचा.

"माताजी, डंडा अंदर नहीं जाएगा।"

"अरे बाबा, डंडा नहीं तो झंडा कैसे पकडनेका?"

"हाथ से पकड़िए।"

काठी ठेवून घेतली, कापड दिलं. राजूने मुद्दाम गोलच्या मागच्या जागा घेतल्या होत्या, समीला पाय दिसावेत म्हणून. माझ्या शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती. तिकडे अशा बाईला मकचिक (मावशी) म्हणतात. तिने मला करोपोक (मासळीचे पापड) दिले, मी तिला चटणी दिली. तिने चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि आणखी मागितली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. काही अडलं नाही.

टीम मैदानात आल्या. राजू तेव्हा पाणी आणायला गेला होता. समीची नजर गोलकीपरच्या पायांवर. मी निळे शर्ट बघितले आणि कापड फडकवायला लागले. समोरच्या टीमचे शर्ट गुलाबी होते, लग्नात वाटतात त्या सरबताच्या रंगाचे. थोड्या वेळाने एका निळ्या गड्याने लांबून चेंडू मारला आणि गोल झाला. मी उठले, दोन्ही हातांनी कापड नाचवलं. मकचिकने मला मिठी मारली. आम्ही दोघी नाचलो.

समीने माझा पदर ओढला. "आज्जी, बस खाली! तो गोल आपल्यावर झालाय!"

"आपल्यावर कसा? निळ्यांनी मारलाय की."

"निळे इथलेच हायेत. आपले गुलाबी!"

मला काही कळेना. तेवढ्यात राजू पाणी घेऊन आला. त्याने सांगितलं, क्लबने नवा शर्ट काढलाय, विकायला. परदेशात गेले की तोच घालून खेळतात. बाहेर दुकानात गुलाबी शर्टांचे ढीग लागले होते, ते मी बघितले होते, पण मला वाटलं दुसऱ्या कोणाचे असतील. मी कापड घडी घालून मांडीवर ठेवलं. रंग बघून आम्ही यांच्या मागे लागलो. आमच्या बायकांनी त्या रंगात हात बुडवले. आणि हे सरबत अंगावर घालून आले! मला जो राग आला तो आजही उतरलेला नाही.

पण समीला रंगाचं काही नव्हतं. ती पुटपुटत होती. "पाय बघ आज्जी. पहिल्या गोलला नुसता हात वर केला. पाय उचललाच नाय. आता उचलंल. आता डावीकडं आला की उचलंल."

खेळ चालत चालत चालला होता. एक गडी दुसऱ्याला चेंडू देई, दुसरा परत पहिल्याला. लोक कंटाळून लाट करायला लागले, म्हणजे ओळीने सगळे हात वर करून उठतात आणि बसतात. ती लाट फिरून फिरून माझ्याकडे येत होती. गुडघ्यांमुळे मी एकदाच उठले, दुसऱ्यांदा बसून राहिले. मग चेंडू डावीकडे आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

समी चल म्हणाली तेव्हा मी हलले नाही. "बस. बघायला आलोय, पुरं बघू." ती बसली, पण मान खाली घालून. मध्यंतरानंतर तर त्यांनी गोलकीपरसकट सगळी टीम बदलून पोरसवदा गडी आणले. लोक त्यांच्या साध्या साध्या पासलाही टाळ्या वाजवून वाहवा करायला लागले. ती वाहवा नव्हती, टिंगल होती. कोणी माहितीपत्रकाची विमानं करून मैदानात सोडली.

मी राजूला विचारलं, "हा बाबा पडला का नाही?"

"माय, सरावाची मॅच हाय ही. सीझन सुरू व्हायचाय. आत्ता दुखापत झाली तर टीमचं लई नुकसान होतं. जपतात ते सोताला."

"मग लोकांना सांगायचं होतं की, आम्ही सोताला जपायला येतोय म्हणून. तिकिटावर छापायचं होतं."

"तू चिडू नको."

"गादीसारखं गवत हाय त्याच्याखाली. ही पोरगी दगडावर पडती, हिला कोण जपतं?"

राजूने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. त्याला माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं. लहानपणापासून त्याने जीव टाकला होता त्या टीमवर.

मॅच संपली. आपली टीम, म्हणजे ती गुलाबी, हरली. निघताना ग्लोव्हज खुर्चीखाली पडलेले मला दिसले. समीलाही दिसले. ती उचलते का म्हणून मी थांबले. ती पुढे गेली. मीही उचलले नाहीत.

बाहेर लोक खेळाडूंच्या बसच्या वाटेवर जमून ओरडत होते. आमच्या शेजारी एक चिनी चेहऱ्याचा तरुण होता, उलटा शर्ट घातलेला, ओरडून घसा बसलेला. समीने त्याच्याशी इंग्रजीत बोलून मला सांगितलं, तो देशाच्या दुसऱ्या टोकाहून बसने आलाय, कामावर रजा टाकून.

"विचार त्याला, पुढच्या वर्षी आले तर येशील का?"

तिने विचारलं. तो म्हणाला, येणार. मला खेळाडूंपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

मग खेळाडू बाहेर आले. गोलकीपर अगदी कठड्याजवळून चालला होता, केस ओले, कानात ते गाणी ऐकायचं घातलेलं. मी कठडा धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "अरे ए! पडायला काय झालं होतं तुला? समुद्र ओलांडून आली ही पोरगी तुझे पाय बघायला! लाज नाय वाटत का?"

तो थांबला. कानातलं काढलं. नऊवारीतली म्हातारी, हातात निळं कापड, त्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने दोन्ही हात जोडले, मान वाकवली आणि "नमस्ते" म्हणाला. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आशीर्वाद दिला असं त्याला वाटलं. मी दिला नव्हता.

परतीच्या विमानात समीने पिशवी उलटीपालटी केली.

"आज्जी, ग्लोव्हज कुठंयत?"

"खुर्चीखाली. तू टाकलेस तिथं."

"तू उचलले नाय?"

"मी कशाला उचलू? तू सोडते म्हणलीस."

"रागात म्हणलं होतं मी!"

"मला काय ठाव? मी आपली खरं धरून चालले."

मुंबईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. चिकलठाण्याला उतरल्यावर दिलीप रिक्षा घेऊन आला होता. त्याने विचारलं, "काय, दिसले का पाय?" समीने नुसती पिशवी रिक्षात टाकली. तो समजला. "बरं," एवढंच म्हणाला. त्या "बरं"चा अर्थ माळा असा होता, हे समीलाही कळलं.

संध्याकाळी मैदानात पोरी तिच्याभोवती जमल्या. मी कडेच्या दगडावर मेथी निवडत बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

"सांग ना गं, डावीकडं कशी मारतो?"

"नाय मारत."

"म्हंजे?"

"दोन गोल खाल्ले. उडीच नाय मारली. उभा होता, हसत होता."

पोरींना खरं वाटेना. पूजा म्हणून एक आहे, तोंडाची फटकळ आणि पायाने जोरकस. ती म्हणाली, "मग बरंय की. तू बी नाय मारत, त्यो बी नाय मारत. तू आता इंटरनॅशनल झाली!"

पोरी खिदळल्या. समी लाल झाली. तिने चपला काढल्या आणि दोन दगडांच्या गोलमध्ये जाऊन उभी राहिली, मोकळ्या हातांनी. "मार. डावीकडंच मार."

पूजाने मारला. तिने दयामाया केली नाही, पूर्ण जोराने मारला. समीने डावा पाय बाहेर टाकला, गुहेच्या पायऱ्यांवर टाकत होती तसा, आणि अंग झोकून दिलं. मुरूम घासल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. चेंडू तिच्या बोटांना लागला आणि तरी आत गेला. ती उठली. कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलला होता, त्यात बारीक खडे रुतले होते. तोंडातली माती थुंकली.

"परत मार," म्हणाली.

मी मेथी तशीच ठेवून घरी तेल आणायला गेले. दिलीप दारात उभा होता, तिथून मैदान दिसतं. त्यानेच फळीवरून तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली. माळ्याचं काही बोलला नाही. निवड व्हायची आहे. तिथे काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि उगाच चांगलं होईल असंही मी लिहिणार नाही.

लोक विचारतात, एवढ्या लांब जाऊन काय बघितलं? मी सांगते, एक माणूस बघितला, ज्याला जगातलं सगळ्यात मऊ गवत दिलं होतं आणि जो पडला नाही. ड्रममध्ये शर्ट उकळायची वेळ परत येईल तेव्हा मी रंग कालवीन. आमच्या पोरींसाठी कालवीन. त्या टीमचं नाव माझ्यासमोर कोणी काढू नये.

आमच्या गल्लीतून ती मॅच तिघांनी बघितली. मी, राजू आणि समी. राजू तिकडेच कामावर आहे. आम्ही दोघी इथे आहोत, कोणाला खोटं वाटलं तर येऊन विचारा.